परक्या गल्लीतील श्वान

पहाटेच्या वेळी गोंदियातील सिव्हिल लाइन्स किंवा रामनगर या वस्त्यांतून फेरफटका करणाऱ्या मंडळींत एक निराळा वर्ग सहज ओळखू येतो. हाती दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकास पाळलेला कुत्रा, आणि दृष्टी मात्र पुढल्या वळणावर. वळणाशी कोणी स्नेही भेटेल अशी त्या दृष्टीत अपेक्षा नसते. तेथे चार-पाच कुत्री पसरलेली असतील की काय, ही धास्ती असते. ती असली म्हणजे त्यांतील एक उठते व मान ताठ करते, दुसरे भुंकते, आणि पाहता पाहता सगळी मिळून नव्या पाहुण्याभोवती कडे करतात. पाहुणा कधी शेपूट पायांत घालतो, कधी उलट त्यांच्यावरच धावून जातो. दोरी धरणाऱ्याची मात्र दोहोंकडून त्रेधा उडते. प्रसंग मिनिटाभराचा असतो. परंतु त्याच्या पोटी फार जुना प्रश्न आहे. माणसाने सोबतीस घेतलेल्या श्वानाचे इतर श्वानांपासून रक्षण कोणी व कसे करावयाचे, हा तो प्रश्न होय.

पंचतंत्राच्या ‘लब्धप्रणाश’ नावाच्या चौथ्या तंत्रात चित्रांग नामक एका कुत्र्याची लहानशी गोष्ट आहे. त्याच्या गावी दीर्घकाळ दुष्काळ पडला, तेव्हा भुकेने व्याकूळ होऊन तो परदेशी गेला. तेथे एका घरची गृहिणी निष्काळजी होती; तिच्या घरात शिरून तो रोज नाना प्रकारचे अन्न पोटभर खाऊ लागला. परंतु घराबाहेर पाऊल टाकताच त्या नगरातील मस्तवाल कुत्री त्याला घेरून सर्वांगास चावे घेत. अखेर ‘असल्या सुकाळापेक्षा आपला दुष्काळ बरा’ असा विचार करून चित्रांग स्वदेशी परतला. परदेश कसा आहे, असे आप्तांनी विचारले, तेव्हा अन्न मुबलक, माणसे गाफील, दोष काय तो एकच, तेथे आपलेच जातभाई वैर करतात, असे त्याने सांगितले. कथाकाराला यातून माणसांची नीती सांगावयाची होती यात संशय नाही. पण ज्याने ही गोष्ट रचली त्याने कुत्र्यांचा स्वभाव बारकाईने न्याहाळला होता, हेही तितकेच खरे.

हा स्वभाव केवळ दुष्टपणाचा नव्हे. गावातील मोकळे कुत्रे एखाद्या ठिकाणी राहते ते तेथे त्याचे अन्न असते म्हणून. खाटकाचे दुकान, चहाची टपरी, उकिरडा, शिळी भाकर टाकणारे एखादे दयाळू घर, यांच्या आधाराने त्याची व त्याच्या सोबत्यांची हद्द ठरते. खांबाखांबावर मूत्राच्या गंधाने ती हद्द लिहिलेली असते, व माणसास न दिसणारा हा लेख प्रत्येक कुत्र्यास वाचता येतो. हद्दीत नवा गंध आला की त्याची चौकशी करणे हा त्या टोळीचा नित्यक्रम. स्वतःच्या गल्लीत कुत्र्यासही वाघाचे बळ येते असे लोक म्हणतात, ते उगाच नव्हे. दोन मोकळी कुत्री परस्परांस भेटतात तेव्हा बहुधा सरळ समोरून जात नाहीत. वळसा घालून, मान किंचित फिरवून, बाजूने हुंगत जवळ येतात, आणि एकाला ती भेट नको असेल तर तो काढता पाय घेतो. म्हणजे भांडण टाळण्याचे दोन मार्ग निसर्गाने श्वानास दिले आहेत: वळसा आणि पळ. माणसाने गळ्यात दोरी बांधली की हे दोन्ही मार्ग बंद होतात. दोरी ताणली गेली म्हणजे डोके वर उचलले जाते, छाती पुढे येते, आणि ज्याच्या मनात पळ काढण्याचा विचार आहे तो प्राणी समोरच्यांना लढाईस उभा राहिल्यासारखा दिसतो. सगळ्या अनर्थाचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

ज्याच्या हाती दोरी त्याच्यावर जबाबदारी, हे तत्त्व धर्मशास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखले होते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाढांच्या व शिंगांच्या प्राण्यांविषयी एक नियम आहे. असा प्राणी कोणावर चालून गेला असता, सोडविण्यास समर्थ असूनही जो धनी त्यास सोडवीत नाही, त्याला प्रथम साहसाचा दंड करावा. आणि संकटात सापडलेल्याने आक्रोश करूनही धनी हलला नाही तर दंड दुप्पट करावा, असा त्याचा आशय आहे. अपराध प्राण्याचा धरलेला नाही. स्वस्थ बसलेल्या धन्याचा धरला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २८९ वे कलम, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील २९१ वे कलम, हीही आपल्या ताब्यातील प्राण्याबाबत हयगय करणाऱ्यास शिक्षा सांगतात. शतके लोटली तरी न्यायाचे बोट त्याच दिशेस आहे.

धन्याने श्वानाचे रक्षण कसे करावे याचा एक जुना नमुना रोमन ग्रंथकार वॅरो याने नोंदविला आहे. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या कृषिग्रंथात तो धनगरी कुत्र्यांच्या गळपट्ट्याचे वर्णन करतो. जाड चामड्याचा पट्टा, त्यातून बाहेर निघालेले खिळे, आणि खिळ्यांच्या डोक्यांनी मानेस इजा होऊ नये म्हणून आतून शिवलेले मऊ कातडे. शत्रूला बाहेरून खिळे आणि मित्राला आतून मऊ कातडे, अशी ही योजना होती. मराठ्यांच्या इतिहासातील नमुना याहून थाटाचा आहे. शिकारीत आपला जीव वाचविणाऱ्या कुत्र्यास सातारच्या शाहू छत्रपतींनी जहागीर व पालखी दिल्याचे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात नमूद केले आहे, आणि माहुलीच्या संगमावर त्या श्वानाचे स्मारक दाखविले जाते. पालखीतून जाणाऱ्या श्वानास गल्लीतील कुत्र्यांची भीती कसली? परंतु पालखीचे भाग्य एखाद्यालाच लाभते. बाकीच्यांना चार पायांवर, लोकांच्या रस्त्यावरूनच जावे लागते.

रस्ता लोकांचा, मग त्यावरील कुत्रा कोणाचा? हा वाद आधुनिक काळात प्रथम मोठ्या प्रमाणावर पेटला तो मुंबईत. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भयाने तेथील सरकारने उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या अखेरीस ठराविक मुदतीत बेवारशी कुत्री मारण्याची मुभा दिली होती, आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेविले होते. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली. इनामाच्या लोभाने मारेकऱ्यांनी बेवारशी कोणते व घरचे कोणते हा भेद सोडून दिला. लोकांच्या आवारात शिरूनही कुत्री मारली जाऊ लागली. श्वानास पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाचा संताप अनावर झाला, इतर समाजांचे लोकही त्यास मिळाले, आणि त्या वर्षीच्या ६ जून रोजी कोटात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला, त्याच्या मुळाशी याच प्रकरणाची आठवण होती. या दंग्याने एक गोष्ट उघड केली. माणसाने कुत्र्यांचे ‘पाळलेले’ व ‘मोकाट’ असे दोन वर्ग केले होते खरे. पण ते ओळखण्याची खूण काय, हे कोणीच ठरविले नव्हते. पट्टा व दोरी यांना शहरात जे महत्त्व आले ते या खुणेच्या गरजेतून. दोरी ही आरंभी कुत्र्यास आवरण्यापेक्षा त्याला मारेकऱ्यापासून वाचविण्यासाठी अधिक उपयोगी होती.

झाडीपट्टीतील खेड्यांना हा भेद तेव्हा ठाऊकच नव्हता, आणि पुष्कळ अंशी आजही नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचे बांध, मालगुजारी काळातील तलाव आणि त्यांच्या पाळीवरून शेतावर जाणारी माणसे, यांच्या मागून कुत्रा आपला आपण चालत असे. तो एका घरचा असे, पण साऱ्या गावाच्या ओळखीचा असे. त्याला फिरावयास नेणे ही कल्पनाच कोणास सुचली नसती. शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत तो धन्यामागे जाई व तेथून पुढे बेताबेताने, कडेकडेने चाले. कारण शीव माणसांप्रमाणे त्यालाही कळत असे.

हे चित्र बदलले ते आगगाडीने. नागपूरहून छत्तीसगढाकडे जाणारा अरुंद रुळांचा मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावास पोहोचला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला. आणि १९०५ च्या सुमारास जबलपूरकडे जाणारा लहान रुळांचा फाटा पूर्ण झाला, तेव्हा गोंदिया हे मोठे जंक्शन झाले. जंक्शनामागून धानाच्या गिरण्या आल्या, विड्यांचे कारखाने आले, बाजार व खाणावळी आल्या, आणि या सर्वांबरोबर कुत्र्यांना फुकटचे अन्न देणारे उकिरडेही आले. एका बाजूस कुंपणाच्या आत साखळीने बांधलेला, नाव असलेला कुत्रा, आणि दुसऱ्या बाजूस फाटकाबाहेर नाव नसलेल्या कुत्र्यांची टोळी, ही रचना अशा प्रत्येक नव्या शहराप्रमाणे येथेही तयार झाली. चित्रांगाची गोष्ट आता रोज घडू लागली. फरक एवढाच की नव्या चित्रांगाला परदेशी नेणारा त्याचा स्वतःचाच धनी होता.

त्या काळी ही झटापट पाहून हसण्यासारखे काही नव्हते. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष व त्यातून होणारा जलत्रास यांचे वर्णन सुश्रुतानेही केले आहे. पण उपाय हाती आला तो १८८५ मध्ये, पाश्चरने पॅरिसमध्ये पहिल्या रोग्यास लस टोचली तेव्हा. हिंदुस्थानात कसौली येथे पाश्चर संस्था १९०० मध्ये सुरू झाली व कुन्नूरची १९०७ मध्ये. आरंभीच्या वर्षांत गोंदियाकडील एखाद्यास पिसाळलेला कुत्रा चावला तर नागपूर, दिल्ली, कालका असा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत प्रवास करावा लागे. आजच्या लोहमार्गानेही हे अंतर दीड हजार किलोमीटरांच्या घरात जाते. पुढे सेंपल यांनी कसौलीस तयार केलेली लस जिल्ह्याजिल्ह्यांतून मिळू लागली, तरी तिची चौदा इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. ती वेदना ज्यांनी भोगली त्यांच्या घरी कुत्र्याच्या चाव्याचे नाव निघताच पिढ्यान् पिढ्या अंगावर काटा येई. ही लस २००५ पर्यंत बंद होऊन तिच्या जागी दंडात टोचावयाची निर्धोक लस आली. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर मात्र आजही माणूस वा कुत्रा सहसा वाचत नाही. म्हणूनच आपल्या कुत्र्यास परक्या कुत्र्यांपासून दूर ठेवणे हा हौसेचा भाग नसून घरातील मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न आहे.

राज्यकर्त्यांनी यावर जो पहिला सर्वसाधारण उपाय योजला तो मुसक्यांचा. इंग्लंडात १८९७ मध्ये वॉल्टर लाँग या मंत्र्याने कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती केली. श्वानप्रेमी लोकांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. पण १९०२ पर्यंत तो देश रोगमुक्त झाला, आणि १९१८ मध्ये चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रोग परत आला तेव्हा १९२२ पर्यंत त्याचे पुन्हा उच्चाटन झाले. मुंबई राज्याच्या १९५१ च्या पोलिस कायद्यातही, माणसाने धरून नेलेला नसेल अशा कुत्र्यास रस्त्यात मुसके असलेच पाहिजे अशी सक्ती करण्याचा अधिकार ४४ व्या कलमाने दिला. गोंदिया तेव्हा मध्यप्रदेशाच्या भंडारा जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. परंतु इंग्लंडचा उपाय येथे तसाच लागू पडणे शक्य नव्हते. इंग्लंड हे बेट आहे, आणि तेथे बहुतेक प्रत्येक कुत्र्यास धनी होता. जेथे निम्मी कुत्री बेवारशी आहेत तेथे मुसके फक्त पाळलेल्याच्या तोंडाला चढते. आणि मुसके बांधलेला कुत्रा मोकळ्या टोळीपुढे हातपाय बांधलेल्या माणसासारखा निराधार असतो.

मारण्याचा उपायही टिकला नाही. एका गल्लीतील कुत्री नाहीशी केली तरी उकिरडा तसाच राहतो, व त्या अन्नावर शेजारची कुत्री येऊन नवी हद्द आखतात. नव्या हद्दीवरून भांडणे मात्र वाढतात. म्हणून १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये जन्मनियंत्रणाचे नियम झाले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्री पकडावी, त्यांची शस्त्रक्रिया करून लस टोचावी, आणि जेथून आणली तेथेच सोडावी, हे त्यांचे सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच सूत्र कायम ठेविले, मात्र पिसाळलेल्या व अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना त्यातून वगळले, आणि अन्न घालण्यासाठी जागा नेमून देण्यास सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्याचे फर्मान निघाले. या सर्व नियमांतून एक गोष्ट निष्पन्न होते: गल्लीतील कुत्रा हा कायद्याच्याही दृष्टीने त्या गल्लीचा रहिवासी झाला आहे. पाळलेला कुत्रा तेथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याचे रक्षण त्याला नेणाऱ्याने करावयाचे आहे.

ते कसे करावे, याचे उत्तर कुत्र्यांच्याच रीतीत सापडते. दोरीने जो वळसा व जो पळ हिरावून घेतला, तो धन्याने स्वतःच्या पायांनी परत द्यावा. टोळी दुरून दिसताच रस्त्याची बाजू बदलावी, कमान घालून जावे, थांबून टक लावून पाहू नये. दोरी हातात घट्ट असावी, पण कुत्र्याच्या मानेशी सैल असावी. आपण कुत्रा व टोळी यांच्या मध्ये राहावे. लहान कुत्र्यास एकदम वर उचलू नये, कारण वर गेलेल्या वस्तूवर उडी घेणे हा खालच्यांचा स्वभाव, आणि मग चावा धन्यासच बसतो. मध्ये उभे राहून शांत, ठाम आवाजात ‘हट्’ म्हटलेले पुष्कळदा पुरे होते. दगड उचलण्याने टोळी आज पांगते, पण त्या कुत्र्यासोबत दगड येतो ही खूणगाठ ती उद्यासाठी बांधून ठेवते. नॉर्वेतील तूरिड रूगास यांनी १९९० नंतरच्या दशकात श्वानांच्या सामोपचाराच्या खुणांवर लेखन केले. मान फिरवणे, जांभई देणे, जमीन हुंगणे या खुणांनी कुत्री परस्परांना ‘भांडण नको’ असे सांगतात, हे त्यांनी दाखविले. आपल्या कुत्र्याने असे सांगितले असता त्याला ओढून पुढे रेटणे म्हणजे त्याचे बोलणे मध्येच तोडणे होय.

काळवेळही ओळखावी. भाद्रपद महिना श्वानांच्या ऋतूचा म्हणून मराठी बोलण्यात प्रसिद्धच आहे. त्या सुमारास माजावर आलेली कुत्री बाहेर नेली तर साऱ्या वस्तीतील नर मागे लागतात. त्यांचा उपद्रव दोरीने थांबत नाही, दाराने थांबतो. त्या दिवसांत तिला अंगणातच फिरवावे. पिले नको असतील तर पशुवैद्याच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी. पुढे हिवाळ्यात व्यालेली कुत्री आपल्या पिलांजवळून कोणालाही जाऊ देत नाही. तो रस्ता काही आठवडे सोडून देणे हाच मार्ग. एवढे करूनही चावा बसलाच तर माणसाची जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कुत्र्याची जखम हातास इजा न होईल अशा बेताने धुऊन त्याला पशुवैद्याकडे न्यावे, त्याची लस नियमित झालेली असली तरीही.

या विषयाची एक बाजू मात्र खास गोंदिया जिल्ह्याची आहे. नागझिरा व नवेगाव ही अरण्ये २०१३ मध्ये एका व्याघ्रप्रकल्पात एकत्र आली. तेथे श्वानकुळातील एक रानटी भाऊबंद राहतो: तांबूस अंगाचा, शीळ घालून टोळीस हाक देणारा रानकुत्रा. इंग्रजी अमदानीत त्याला उपद्रवी ठरवून मारल्याबद्दल इनामे दिली जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. परंतु कायद्याला न जुमानणारा एक शत्रू त्याच्या दारापर्यंत जातो, तो म्हणजे गावचा मोकळा कुत्रा. डिस्टेंपर हा कुत्र्यांत आढळणारा रोग वन्य प्राण्यांसही जडतो. २०१८ मध्ये गीरच्या अरण्यात वीसहून अधिक सिंह दगावले, त्या साथीत याच रोगाचा विषाणू आढळला. अरण्याच्या काठावरील गावी आपला कुत्रा पाहुणा नव्हे, तर घुसखोर ठरतो. तेथे त्यास बांधणे व लस टोचणे यांतच त्याचे आणि रानकुत्र्याचे, दोघांचेही रक्षण आहे.

खिळ्यांचा पट्टा, पालखी, मुसके, इनाम, शस्त्रक्रिया असा हा मोठा फेरा माणसाने घातला. त्यात जे उपाय केवळ दुसऱ्या कुत्र्याचा काटा काढण्यासाठी होते ते मागे पडले. धन्यास कर्तव्य सांगणारे तेवढे टिकले. चित्रांगास आपल्या गावी परत जाण्याची मोकळीक होती. दोरीने बांधलेल्या श्वानास ती नाही. कोणत्या गल्लीतून जावयाचे व कोणत्या वळणावरून मागे फिरावयाचे, हे त्याच्या वतीने दुसऱ्याने ठरवावयाचे असते. तेवढा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्यानेच ती दोरी हाती घ्यावी.